अफानासीच्या गावात हिवाळा

२३ डिसेंबर

सकाळचे पावणेआठ वाजलेत आणि खिडकीबाहेर मध्यरात्र आहे. रशियातल्या त्वेरला या दिवसांत सूर्य नऊच्या पुढे उगवतो आणि चारच्या आत मावळतो, तोही ढग नसले तर. डिसेंबरात ढग नसतात असं सहसा होत नाही. लेक्चरला जाताना काळोख, परत येताना काळोख. मधला उजेड वर्गाच्या खिडकीतून बघायचा, तोही पाणी घालून वाढवलेल्या ताकासारखा.

हा माझा इथला दुसरा हिवाळा. मेडिकलचं दुसरं वर्ष. पहिल्या हिवाळ्यातलं मला काही आठवतच नाही, कपडे घालणे आणि कपडे काढणे यातच तो संपला. आताही बाहेर पडायला अकरा मिनिटं लागतात, घड्याळ लावून मोजलीत. थर्मल, लोकरी मोजे, पँट, स्वेटर, मग पुखोविक म्हणजे पिसं भरलेला गुडघ्याखाली येणारा कोट, टोपी, मफलर, बूट आणि सगळ्यात शेवटी हातमोजे. हातमोजे आधी घातले की बुटाची चेन लागत नाही. हे अ‍ॅडमिशनच्या वेळी कोणी सांगितलं नव्हतं.

एवढं सगळं चढवून कॉलेजात पोचलं की पहिलं काम ते उतरवायचं. कोट घालून वर्गात जाणं इथे असभ्यपणाचं. कॉलेज, दवाखाना, वाचनालय, नाट्यगृह, कुठेही जा, दाराशी गार्देरोब असतो. कोट काउंटरवर द्यायचा आणि नंबराचा बिल्ला घ्यायचा. खुंटीला टांगण्यासाठी कोटाला मानेपाशी आतून बोटभर कापडी फासा असतो, त्याला म्हणतात पेतेल्का. माझी पेतेल्का आज तुटली. गार्देरोबवाल्या बाईंनी कोट उलटासुलटा केला, आत बोटं घालून शोधलं, मग माझ्याकडे असं पाहिलं की मी बिनबाह्यांचाच कोट आणून दिला असावा. मग मागे रांग ताटकळत असताना पेतेल्का नसलेल्या मुलींच्या एकंदर भवितव्याबद्दल चार वाक्यं झाली. तीन समजली.

कोट दिला की पांढरा अ‍ॅप्रन चढवायचा. त्याला इथे 'खलात' म्हणतात. आपल्या बखरींतली खिलत आणि हा खलात, दोन्ही एकाच अरबी शब्दाची लेकरं. तिकडे दरबारातला मानाचा पोशाख, इकडे फॉर्मलीनचा वास.

२५ डिसेंबर

नाताळ नाही. रशियन चर्च जुनं ज्युलियन कॅलेंडर पाळतं, ते १३ दिवस मागे चालतं, म्हणून यांचा नाताळ ७ जानेवारीला. आज सरळ कामाचा दिवस, त्यातही परीक्षेआधीच्या तोंडी चाचण्यांचा आठवडा.

दुपारी एक फॉर्म भरायला बसलो. रशियन फॉर्ममध्ये आडनाव, नाव आणि वडिलांच्या नावावरून आलेलं नाव असे तीन रकाने असतात. केरळच्या आणि तमिळनाडूच्या मुली दर वेळी या तिसऱ्या रकान्यापाशी अडतात. माझी रूममेट लातूरची आणि मी रेवदंड्याची. आम्ही दोघींनी डोकं न खाजवता तिन्ही रकाने भरले. शाळेपासून हेच तर करत आलोय. इथे मोठ्या माणसाला हाक मारायची तीही नाव आणि बापाचं नाव जोडून, काकू-मावशी नाही की सर-मॅडम नाही. फक्त हॉस्टेलच्या दाराशी बसणारी वख्त्योर आहे तिला आम्ही आपसात 'बाबूश्का', म्हणजे आजी, म्हणतो. तोंडावर तिच्या बापाचं नाव घेतल्याशिवाय ती किल्ली देत नाही.

२८ डिसेंबर

पडले.

काल दिवसभर पारा शून्याच्या वर होता, बर्फाचं पाणी झालं, रात्री पुन्हा उणे सात. अशा सकाळी फुटपाथवर काचेचा थर बसतो, त्याला गलल्योद म्हणतात. उणे वीस परवडलं, पण शून्याच्या आगेमागे खेळणारी ही थंडी नको. महापालिकेची गाडी वाळू टाकून जाते, पण ती आमच्या बसस्टॉपच्या पुढून.

खरं तर चालण्याची युक्ती मला घरूनच येते. श्रावणात आमच्या वाडीतल्या पाखाडीवर शेवाळ धरतं तेव्हा आजी सांगायची, टाच टेकू नको, पाऊल सपाट टाक, हात खिशात घालू नको. इथेही अगदी तेच. पण आज हात खिशात होते. दोन्ही पाय एकदम पुढे गेले आणि मी माकडहाडावर बसले. येणाऱ्या परीक्षेत या हाडाचं लॅटिन नाव विसरण्याचा आता प्रश्नच नाही.

पुढचा प्रकार लिहून ठेवण्यासारखा आहे. शेजारून जाणारे दोन अनोळखी पुरुष थांबले, एकेकानं एकेका काखेत हात घातला, मला फुलदाणीसारखं उचलून सरळ उभं केलं आणि आपापल्या वाटेनं निघून गेले. एक शब्द नाही, हसणं नाही. मी "स्पासीबा" म्हणेपर्यंत ते दहा पावलं गेले होते. इथे लोक हसत नाहीत याबद्दल पहिल्या वर्षी मी घरी पुष्कळ तक्रारी केल्या होत्या. आता जरा हात आखडता घ्यावा म्हणते.

३१ डिसेंबर

नवं वर्ष हा यांचा खरा सण. आपली दिवाळी समजा. झाड सजवतात तेही नाताळाचं नव्हे, नव्या वर्षाचं. सँताच्या जागी देद मरोज, म्हणजे थंडीआजोबा, आणि सोबत त्याची नात स्नेगूरच्का. नात सोबत घेऊन फिरणारा आजोबा मला सँतापेक्षा जास्त पटतो.

आमचं नवं वर्ष दोनदा आलं. भारत अडीच तास पुढे, म्हणून रात्री साडेनऊला पहिलं. रूममेटनं मॉस्कोहून आणलेले पोहे त्यासाठीच राखून ठेवले होते. मॉस्को लास्तोच्का गाडीनं दोनेक तासांवर, आणि तिकडची भारतीय दुकानं हा आमचा खरा दूतावास. पोह्यांवर ओलं खोबरं नाही, लिंबू आहे, कोथिंबिरीच्या जागी शेपू. इथे शेपू सगळ्यावर घालतात. आधी मला राग यायचा, आता शेपू नसला तर चुकल्यासारखं होतं.

दुसरं नवं वर्ष बाबूश्काच्या टेबलाशी. हॉस्टेलात सुट्टीला न गेलेल्या आम्ही सहा-सात जणी उरलो होतो, तिनं सगळ्यांना खाली बोलावलं. अलिव्ये, म्हणजे बटाटा, मटार, अंडं, खारवलेली काकडी आणि मेयोनेझ. संत्र्यांचा ढीग. आणि 'फरकोट घातलेला हेरिंग', म्हणजे तळाला खारवलेला मासा आणि त्यावर बटाटा, गाजर, बिटाचे थर. लातूरकरणीनं बीट वरच्यावर खरवडून खाल्लं. मी रेवदंड्याची, मला खाऱ्या बांगड्याची ओळख करून द्यावी लागत नाही. दोनदा घेतलं. तेव्हापासून बाबूश्काच्या लेखी मी बरी मुलगी आहे.

बारा वाजता टीव्हीवर क्रेमलिनच्या घड्याळाचे टोले पडले आणि बाहेर फटाके. आई फोन करून झोपली होती, तिकडे अडीच वाजून गेले होते.

१ ते ५ जानेवारी

सुट्टी. सगळं बंद. अ‍ॅनाटॉमी. उरलेलं अलिव्ये. अ‍ॅनाटॉमी.

एकच गोष्ट. परवा बाबूश्कानं मला तिच्या खोलीतून बरणी आणायला पाठवलं. पलंगाखाली बरण्याच बरण्या: काकड्या, टोमॅटो, खारवलेली अळंबी, बेदाण्यासारख्या काळ्या बेरीचा मुरांबा. उन्हाळ्यात दाचावर, म्हणजे गावाबाहेरच्या मळ्यातल्या घरी, ती हे सगळं करून ठेवते. त्याला शब्द आहे 'जगतोव्की'. मी वाकून बघत बसले. आजीच्या माळ्यावर मे महिन्यात अगदी असंच दिसतं. सुकट, सोलं, फणसाची साठं, पापड, कुळीथ. आगोट. पावसाळ्याचे चार महिने बाजार बंद पडेल, खाडी खवळेल, म्हणून भरून ठेवायचं. बाबूश्काच्या घरापासून सुपरमार्केट दोनशे पावलांवर आहे आणि रात्री दहापर्यंत उघडं असतं. आजीकडेही आता आहे. दोघी ऐकत नाहीत.

७ जानेवारी

उणे चोवीस. आणि ऊन! पंधरा दिवसांनी सूर्य दिसला. इथे हे असंच, आभाळ मोकळं झालं की थंडी कडाडते. ढग म्हणजे गोधडी.

उणे चोवीसला काय होतं ते सांगते. पहिल्या श्वासाला नाकातले केस कडक होतात, आत कोणी बारीक तारा खोचल्यासारखं वाटतं. मफलरमध्ये सोडलेला श्वास पापण्यांवर जाऊन गोठतो आणि डोळा मिटला की पापण्या किंचित चिकटतात. फोनची बॅटरी ५८ टक्के होती, दोन फोटो काढले आणि तो मेला. पायाखालचा बर्फ कुरकुरतो. उणे पाचला तो गप्प असतो, पण थंडी वाढली की कोऱ्या कोल्हापुरीसारखा वाजायला लागतो. आवाजावरून आता मला अंदाज येतो, थर्मामीटर नंतर बघते.

जुन्या पुलावरून व्होल्गा ओलांडून पलीकडे गेले. १९०० सालचा लोखंडी पूल, वारा आरपार. पलीकडच्या काठावर अफानासी निकितीन उभा आहे, १९५५ साली बसवलेला उंच पुतळा, खाली होडीची नाळ आणि नाळीवर घोड्याचं डोकं. मी त्वेर निवडलं त्याचं खरं कारण फी, पण घरी सांगितलेलं कारण हा माणूस. आमच्या रेवदंड्यात शाळेच्या आवारात त्याच्या नावाचा काळा स्तंभ आहे, लहानपणी आम्ही त्याच्याभोवती पकडापकडी खेळायचो. पंधराव्या शतकातला इथला व्यापारी. व्होल्गेनं निघाला, वाटेत लुटला गेला, इराण, होर्मुझ करत चौलला उतरला. वास्को द गामाच्या पंचवीसेक वर्षं आधी. सोबत एक घोडा, विकायला आणलेला. त्यात शंभर रुबल गेले, हे त्यानं स्वतः लिहून ठेवलंय. जुन्नरला तिथल्या खानानं घोडा काढून घेतला आणि अट घातली: धर्म बदल, नाहीतर घोडा विसर. एका खुरासानी माणसाच्या रदबदलीनं तो परत मिळाला.

चौलला लोक आपल्यामागे फिरतात, गोऱ्या माणसाचं नवल करतात, असं त्यानं लिहिलंय. मागच्या वर्षी बसमध्ये एका लहान मुलीनं माझ्या वेणीला हात लावून पाहिला होता, तेव्हा मला ते वाक्य आठवलं. मला आवडलेली जागा मात्र वेगळी आहे. चौलहून चालत तीनेक आठवड्यांनी तो जुन्नरला पोचला आणि तिथे त्यानं 'हिवाळा काढला'. कसला हिवाळा? चार महिने रात्रंदिवस जिकडे तिकडे पाणी आणि चिखल, असं त्याचं वर्णन. म्हणजे आपला आषाढ-श्रावण! त्वेरच्या माणसाला वाटलं असणार, वाटा बंद होतात, व्यापार थांबतो, माणूस छपराखाली बसून राहतो, तो हिवाळाच. चूक म्हणून हसणारे हसतात. मला बाबूश्काच्या पलंगाखालच्या बरण्या दिसल्यापासून ती चूक वाटत नाही.

परत येताना नदीवर उतरले. व्होल्गा आता रस्ताच आहे, पांढरा आणि रुंद. मधोमध दहा-बारा माणसं पेट्यांवर बसलेली. हातानं फिरवायच्या मोठ्या गिरमिटानं बर्फाला भोक पाडायचं, भोकात सारखा साचणारा बर्फाचा चुरा झाऱ्यानं काढत राहायचं (झारा अगदी आपला बुंदीचा) आणि हातभर काठीला दोरा लावून आत सोडायचा. बाजूला पडलेले पट्टेरी मासे लाकडासारखे ताठ. आमच्या खाडीत पाग टाकणारे निदान एकमेकांशी भांडतात तरी. इथे सगळे मौनात.

एक आजोबा माझ्याकडे बघून म्हणाले, "कुठली?"

"भारतातून."

त्यांनी हनुवटीनं काठावरचा पुतळा दाखवला. "अफानासीनं घोडा नेला होता. तू काय आणलंस?"

"क्रेदीत," मी म्हटलं. कर्जाला हाच शब्द आहे.

ते इतके हसले की शेजारच्या भोकावरच्या माणसानं आमच्याकडे रागानं पाहिलं.

१० जानेवारी

उद्या अ‍ॅनाटॉमी. रात्री बरोबर बारा वाजता पूर्ण हॉस्टेलच्या खिडक्या उघडल्या. बाहेर उणे सतरा. इथली खोली बातारेयांमुळे, म्हणजे भिंतीलगतच्या गरम पाण्याच्या नळ्यांमुळे, पंचवीस अंशांवर असते. आम्ही आत अर्ध्या बाह्यांत आणि त्या नळ्यांवर ओला टॉवेल, नाहीतर कोरड्या हवेनं नाकातून रक्त येतं. तर त्या अर्ध्या बाह्यांतच मुलींनी गुणपुस्तिका उघडून खिडकीबाहेर हलवल्या आणि एका सुरात ओरडल्या: "खल्यावा, प्रिदी!" म्हणजे साधारण, 'अगं फुकट मिळणारे, ये!' पुस्तिका लगेच मिटायची, तिला दोरा गुंडाळायचा आणि सकाळपर्यंत उघडायची नाही, नाहीतर आत शिरलेलं फुकटचं नशीब उडून जातं. पाचच्या गुणासाठी टाचेखाली पाच रुबलचं नाणं ठेवायचं ते वेगळंच.

लातूरकरीण म्हणाली, हे थोतांड आहे. मग तिनं पुस्तिका हलवली आणि देवघरातला अंगारा पण लावला.

११ जानेवारी

टेबलावर पालथी तिकिटं, त्यातलं एक उचलायचं, त्यावरचे प्रश्न, थोडा वेळ कच्चं लिहायला आणि मग समोरासमोर तोंडी. मेंदूला रक्त पुरवणारी वर्तुळाकार रचना आली, ती येत होती. मग मॅडमनी एक हाड हातात दिलं आणि त्यावरचं एक भोक दाखवून विचारलं, यातून काय जातं? मी दोन गोष्टी सांगितल्या, त्यांना तीन हव्या होत्या. पाचपैकी चार. 'खराशो'.

नाणं बुटात पायाला टोचत राहिलं, त्यामुळे तिसरी गोष्ट सुचली नाही असं माझं मत आहे.

१४ जानेवारी

काल रात्री पुन्हा नवं वर्ष! ज्युलियन कॅलेंडरप्रमाणे १३ जानेवारीच्या मध्यरात्री 'जुनं नवं वर्ष' येतं. या शब्दात काही विसंगती आहे हे इथे कोणालाच जाणवत नाही.

आणि आज संक्रांत. तिळगूळ कुठून आणायचा? सुपरमार्केटात कजिनाकी मिळते. सूर्यफुलाची मिळते तशी तिळाचीही, म्हणजे आपली चिक्कीच, फक्त जरा जास्त गोड. ती फोडून तुकडे केले आणि हॉस्टेलभर वाटले. बाबूश्काला "गोड बोला" कसं समजावायचं? रशियनमध्ये सांगितलं, हे खा आणि माझ्याशी वर्षभर गोड बोल. तिनं तुकडा तोंडात टाकला, चघळला आणि विचारलं, "का, मी आता कशी बोलते?"

मग तिनं माझा कोट मागितला. मला वाटलं काहीतरी चुकलं. संध्याकाळी कोट परत मिळाला, मानेपाशी नवी पेतेल्का. काळ्या कोटावर जाड हिरवी सुती फीत, दोन्ही टोकांना चौकोनी शिवण, मधे फुली. पोत्याला शोभेल अशी मजबूत. तीन आठवडे मी ती सेफ्टीपिन लावून चालवत होते, तिनं ते रोज पाहिलं असणार.

१९ जानेवारी

काल रात्री नदीवर. क्रेश्चेनिये, म्हणजे ख्रिस्ताच्या बाप्तिस्म्याचा सण. बर्फ कापून क्रॉसच्या आकाराचा हौद केलेला, त्यात उतरायला लाकडी पायऱ्या, दिवे, बचावदलाची माणसं, एका तंबूत कपडे बदलायची सोय, दुसऱ्यात चहा. बाहेर उणे अठरा. पाण्यातून वाफ निघत होती आणि त्यात काही चमत्कार नाही: पाणी शून्याच्या खाली गेलं तर गोठेल, म्हणून ते शून्याच्या आसपास, म्हणजे हवेपेक्षा अठरा अंश गरम.

रांगेत कॉलेजची पोरं होती, पोलीस होता, एक बाई छोट्या मुलाचा हात धरून उभी होती. आणि आमची बाबूश्का. अंगात लांब पांढरा सुती झगा, पायात लोकरी मोजे. सत्तरीची बाई! तिनं माझ्या हातात स्वतःचा कोट दिला (पेतेल्का शाबूत), छातीवर क्रॉस काढला आणि पायऱ्या उतरली. एक बुडी. क्रॉस. दुसरी. क्रॉस. तिसरी. वर आली तेव्हा चेहरा उकडलेल्या कोळंबीसारखा लाल आणि झग्याच्या कडेला लगेच बर्फ धरायला लागलेलं. मी घाईघाईनं कोट पुढे केला तर म्हणाली, "थांब, गरम होतंय."

मी उतरले नाही. हातमोजा काढून मनगटापर्यंत हात घातला, तीन आकडे मोजले आणि काढला. बोटं आपली आहेत हे कळायला चहाचा अख्खा पेला लागला.

आज सकाळी घरी फोन केला. तिकडे साडेअकरा, आजी ओटीवर सुपाऱ्या सोलत बसलेली. तिला सगळं रंगवून सांगितलं, बर्फ, हौद, उणे अठरा, सत्तरीची बाई. मला वाटलं, आता "अगं बाई!" येईल.

"त्यात काय," आजी म्हणाली, "माघस्नान." अडकित्ता कट्‌कन वाजला. "डोक्यावरून केलंन का?"

"हो. तीन बुड्या, डोक्यासकट."

"मग केस पुसलेन का नीट?"